आर्वीच्या घामाचा वास

आज मी जो काही आहे, तो सुमन आत्यामुळे. आई गेल्यावर लांज्याच्या कारखान्यात काजू सोलून तिनेच मला वाढवलं, बी.कॉम. केलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. डॉक्टरांनी माझ्या लेकीच्या आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा आत्या हातात खिरीचा डबा घेऊन शेजारीच उभी होती.

"आयसोव्हॅलेरिक ॲसिडिमिया," डॉक्टर म्हणाल्या. "ल्युसिन नावाचं अमिनो आम्ल हिच्या शरीराला पूर्ण मोडता येत नाही."

प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. तुमच्या-माझ्या घामातही ती थोडी असतात, पण त्यांना वास नसतो. ल्युसिन अर्धवट मोडून जे आम्ल साठतं, त्याला मात्र ओल्या मोज्यांसारखा वास येतो. आर्वीच्या घामाला तोच वास होता.

उष्टावणानंतर तो जाणवू लागला. "बापाच्या बुटात निजतं काय रे तुझं चेडू?" आत्या थट्टा करायची. आर्वी वरचेवर मलूल व्हायची, ओकायची. आजारात आमच्याकडे भाताची पेजच देतात. पेजेवर ती टवटवीत व्हायची. मग आत्याला राहवायचं नाही. अंगात ताकद यावी म्हणून काजूची पूड घातलेली नाचणीची खीर, मुडदुशे मासळीचं सार. पोर पुन्हा मान टाकायची. दात येत असतील, असं आम्ही म्हणायचो.

दवाखान्यात नेताना बायको तिला अंघोळ घालून, पावडर लावूनच न्यायची. एका सकाळी मात्र आर्वी डोळेच उघडेना. तशीच उचलून रत्नागिरीला नेली. डॉक्टरांनी तिच्या मानेशी नाक नेलं आणि पहिला प्रश्न विचारला, काय खाते? सलाइन लागलं. रक्त आणि लघवी तपासायला मुंबईला गेली. रिपोर्ट येईपर्यंत अतिदक्षता विभागाबाहेरचं बाक हेच आमचं घर झालं.

निदान ऐकून आत्याने एवढंच विचारलं, "म्हंजे मीच घातलं तिला विष?"

नाही मावशी, डॉक्टर म्हणाल्या, काजू-मासळीत प्रथिनं जास्त असतात, पण इतर कुठल्याही बाळाला ते चांगलंच अन्न आहे. पण आत्याने डबा पदराखाली घेतला आणि लांज्याची एसटी धरली. त्यानंतर ती फोन उचलेना.

आर्वी आता मोजून प्रथिनं खाते. तिला कार्निटिन आणि ग्लायसिन नावाची औषधं आहेत. ग्लायसिन हेही अमिनो आम्लच, तुमच्या घामातलं. ते त्या वासाच्या आम्लाला धरून लघवीवाटे बाहेर नेतं. पथ्य जन्मभराचं आहे, पण सांभाळलं तर ती वाढेल, शाळेत जाईल, असं डॉक्टर म्हणतात.

तुमच्या बाळाच्या घामाला वेगळा वास येत असेल, तर लाजू नका, पावडरीखाली झाकू नका. डॉक्टरांना सांगा.

आत्याला मी पत्र लिहिलं, ते असं:

ती. सौ. आत्यास नमस्कार.

अक्षर मोठं काढलंय, तूच वाच. हा दोष माझ्या आणि आर्वीच्या आईच्या रक्तातून आलाय. मग आम्ही दोघांनीही विष घातलं म्हणशील का? डॉक्टरांनी सांगितलंय, ताप आला की प्रथिनं बंद, साखर घालून पेज द्यायची. तुझ्या सुनेच्या पेजेत शितं तशीच राहतात, आर्वी थुंकते. तुझ्या हातची हवी. काजू आणलेस तर माझ्यासाठी आण.

बुटात निजणारं चेडू आता बसायला लागलंय. त्याच्या मानेला आता नुसता दुधाचा वास येतो. ये नि हुंगून बघ.