भुजंग मापाड्याच्या गळ्यातला हार

उदगीरच्या मोंढ्यात भुजंग मापाड्याचा आवाज भोंग्याशिवाय स्टेशनापर्यंत जायचा. धान्य मोजताना मापाडी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. भुजंगनं ‘लाभ’ म्हटलं की गिऱ्हाईक दचकायचं, तोवर दुसरं माप पोत्यात पडलेलं असायचं. पुढं वजनाचे काटे आले. काट्याला बोलता येत नव्हतं तरी आडत्यांनी त्यालाच ठेवलं आणि भुजंगचा आवाज बेकार झाला. तो त्यानं उदगीरच्या वेगळ्या जिल्ह्याच्या मागणीला जुंपला.

उदगीरला पोटात घेऊन लातूर जिल्हा झाला तेव्हा तो पोरगेला होता, आणि हलगीपुढं नाचलाही होता. आपण दुसऱ्याच्या वरातीत नाचलो हे त्याला फार उशिरा कळलं. तेव्हापासून जिल्ह्यासाठी उपोषण म्हटलं की पहिल्या गादीवर भुजंग. पण त्याच्या नशिबात एक भलतंच विघ्न होतं. सकाळी झेंडू-शेवंतीचा हार गळ्यात पडायचा आणि दुपारपर्यंत मान लालभडक, अंगभर पित्ताच्या गांधी. पित्त कशानं उठतं हे उदगिरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. भुजंग मंडपामागं मिरचीची भजी हाणून उपाशी बसतो, असं गावभर झालं. त्याची बायको सिंधु त्याला आमसुलाचं पाणी पाजायची, भर उन्हाळ्यात घोंगडीत गुंडाळून ठेवायची. पित्त जायचं, भज्यांचं नाव काही जायचं नाही. भुजंगला ते फार लागायचं. बाकी दहा लबाड्या त्यानं केल्या असतील, पण उपोषणाला तो खरोखर उपाशी राहायचा.

लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या दुष्काळाच्या सालची ही गोष्ट. जिल्हा मागणी समितीचे अध्यक्ष विरूपाक्ष आप्पा यांनी जाहीर केलं की पाडव्याच्या संध्याकाळी भुजंगचा सत्कार करायचा. पाणी नव्हतं, जिल्हा नव्हता, निदान सत्कार तरी. भुजंगनं मनाशी ठरवलं, गावादेखत हार घालून घ्यायचा, सभा उठेपर्यंत मिरवायचा आणि एक गांध उठू द्यायची नाही. भजीवाल्यांची तोंडं कायमची बंद. फक्त मानेनं ऐकायला हवं होतं.

“लातूरला चामडीच्या डाक्टरीणबाईला दावा,” सिंधु म्हणाली.

“मरंन पर लातूरला जाणार न्हाई.”

“मरायला बी लातूरलाच न्येत्यात. चला.”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पाठीवर औषधाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि दोन दिवस आंघोळ करायची नाही म्हणाल्या. “म्याडम,” भुजंग म्हणाला, “लातुरात हे सांगायला डाक्टर लागतो व्हय?”

पट्ट्या निघाल्या आणि चोर सापडला. “काका, तुम्हाला गाजरगवत सोसत नाही,” बाई म्हणाल्या. “शरीर आपली राखण करत असतं, पण तुमच्या राखणदारानं या गवताशी वैर धरलंय. आणि झेंडू, शेवंती, सूर्यफूल ही सगळी त्याच्याच भावकीतली. आडनाव बघून तो त्यांनाही झोडतो.” भुजंगला ते लगेच पटलं. लातूरच्या माणसाबद्दल त्याचंही असंच होतं. औषध म्हणून बाईंनी गोळ्या दिल्या आणि हारापासून लांब राहायला सांगितलं.

एवढंच ऐकून तो निघता तर ही गोष्ट झाली नसती. पण चपला घालता घालता त्यानं पुढच्या पेशंटचंही ऐकलं. एक तरणी बाई तान्हं घेऊन आली होती. डॉक्टरीणबाई तिला म्हणत होत्या, पूर्वी शेंगदाणा लेकरांपासून लांब ठेवा म्हणायचे, आता नवं संशोधन उलटं सांगतंय. जे लवकर आणि तोंडावाटे जातं त्याला शरीर पाहुणा समजतं, आणि फुटलेल्या कातडीतून शिरतं त्याला चोर. ते तान्ह्या लेकराबद्दल होतं, शेंगदाण्याबद्दल होतं. पण दुसऱ्याच्या पानातलं वाढण माणसाला नेहमी जास्त दिसतं. परतीच्या बसमध्ये भुजंग गालात हसत होता.

पाडव्याला सकाळी घरोघरी कडुलिंबाचा पाला खातात. भुजंगनं त्यात गुढीच्या हारातला मूठभर झेंडू कालवला आणि पाहुण्याला तोंडावाटे आत घेतलं. दुपारी त्याचे ओठ फुगले, अगदी भज्यासारखे.

“काय खाल्लं?” सिंधुनं विचारलं.

“फूल,” तो कसंबसं म्हणाला.

“शेळीला चारा न्हाई आन तुमी फुलं खाऊन राहिलाव.” तिनं लातूरला फोन लावला. श्वास नीट चालू आहे ना, हे बाईंनी आधी विचारलं, मग गोळी द्यायला सांगितली आणि मग भुजंगच्या अकलेबद्दल बोलल्या. सिंधुला ते बोलणं पटलं.

संध्याकाळपर्यंत सूज निम्मी उतरली, पण घरी थांबेल तो भुजंग कसला. तो मंचावर जाऊन बसला. त्याचं तोंड बघून मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “आज भजी गरम हुती वाटतं.” सगळी सभा हसली. भुजंगचे डोळे भरून आले. तरी आप्पांनी झेंडूचा भलामोठा हार उचलला तेव्हा त्यानं मान पुढं केली.

बायकांच्या बाजूनं सिंधु उठली आणि थेट मंचावर चढली. “आप्पा, ठिवा त्यो हार,” ती म्हणाली. “त्यास्नी फुलं सोसत न्हाईत. लातूरला तपासून आणलंय. त्यास्नी भजी उठत नव्हती, तुमचे हार उठत हुते. माझा माणूस उपाशी ऱ्हायचा, आन घरात चूल मला बी पेटवू वाटायची न्हाई.”

मघाशी गुढी उतरवताना काढलेली साखरेची गाठी तिनं पदरातून बाहेर घेतली आणि त्याच्या गळ्यात घातली. पाडव्याला लेकरांच्या गळ्यात घालतात ती. पोरं खिदळली, दुसऱ्यांदा लगीन लागलं म्हणाली. सिंधु लाजली, पण खाली उतरली नाही.

आप्पांनी माईक पुढं केला. भुजंगनं भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एकही वाक्य त्या ओठांतून बाहेर पडणार नव्हतं. त्यानं मान चाचपली. कुठं खाज नव्हती. इतक्या वर्षांत असा हा पहिलाच हार होता.

त्यानं माईक बाजूला सारला आणि पहिलं माप मोजलं.

“लाभ.”

शब्द जरा बोबडाच आला, पण स्टेशनापर्यंत ऐकू गेला.