गोमतीबाईंची अडलेली ओळ

सलग तिसऱ्या गुरुवारी गोमतीबाई त्याच ओळीवर अडल्या.

"...आजची भाकर आज दे..." इथवर गाडी छान आली. डोळे मिटलेले, हात जोडलेले, कपाळावर चुलीच्या धगीचा घाम. पुढची ओळ अशी होती, की जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा केली, तशी तू आम्हांला कर. गोमतीबाईंनी एक डोळा उघडला. मग दुसरा. आणि तोंड मिटलं.

"पुढे?" ज्ञानप्रकाशम उपदेशियार म्हणाले. उपदेशियार म्हणजे कुंभकोणमच्या त्या छोट्या मिशन चर्चात लोकांना धर्माची प्रश्नोत्तरं घोकून घेणारे गृहस्थ. कडक इस्त्रीची वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, आणि त्याहून कडक मान.

"पुढे नाही."

"नाही म्हणजे? विसरलात?"

"छे! पाठ आहे. पण म्हणवत नाही."

"अम्मा, पाठ आहे ना? मग म्हणायला काय जातं? मी बघा." आणि त्यांनी ती प्रार्थना पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत एका श्वासात फेकली. शेवटी जरा खोकले. "झालं! यात अवघड काय?"

"काहीच नाही," गोमतीबाई कौतुकाने म्हणाल्या. "पण देवास ऐकू तरी आलें असेल का हो? मज तर फक्त वारा लागला."

बाकावरच्या बायका पदरात तोंड घालून फिस्कन हसल्या आणि उपदेशियारांनी वहीत गोमतीबाईंच्या नावापुढे तिसरी फुली मारली.

ही फुली साधीसुधी नव्हती. ईस्टरनंतरच्या रविवारी बिशपसाहेब येणार होते. ते तीन वर्षांतून एकदा येत. ज्यांच्या डोक्यावर ते हात ठेवतील, त्यांनाच पुढे प्रभुभोजनाची भाकर मिळायची. गोमतीबाईंचा बाप्तिस्मा होऊन चार वर्षं झाली होती आणि चारही वर्षं त्या दर रविवारी मागच्या बाकावरून ती भाकर दुसऱ्यांच्या हातांत पडताना बघत होत्या. वय पंचावन्न. आणखी तीन वर्षांचा भरवसा कुणी द्यावा?

तशा त्या मिशनच्या मुलींच्या शाळेत स्वयंपाकीण. तंजावरच्या मराठी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात त्यांच्या आज्यानं कढीला फोडणी घातलेली, ती फोडणी त्यांच्या हातात उतरलेली. येशूची गोष्ट त्यांनी प्रथम ऐकली ती चिंच कोळताना, खिडकीतून, मुलींच्या वर्गातली. पाच हजार माणसांना जेवू घातलं हे ऐकल्यावर त्यांचा हात चिंचेतच थांबला. "पांच हजार? आणि वाढप कोणी केलें?" त्या दिवसापासून जी दोस्ती झाली ती झाली. पळी ढवळता ढवळता बोलणं चाले. "येशूबाबा, डाळ आज शिजेना रे. तूं जरा बघ. मी तोवर मिरची वाटतें." जेवणाआधीचे आभार त्या इतके सविस्तर मानत, म्हशीचे, विहिरीचे, तांदूळ कांडणाऱ्या बाईचे, की मुली हळूच ओरडत, "अम्मा, रसम थंड होतंय!"

उपदेशियारांच्या मते ही प्रार्थना नव्हे. प्रार्थना चर्चात, गुडघ्यांवर, छापील.

शेवटी पाद्रीसाहेबांनीच गोमतीबाईंना बोलावलं. साहेब तरुण, उन्हानं टोमॅटोसारखे झालेले, तमिळ बोलताना प्रत्येक शब्द जिना उतरल्यासारखा जपून टाकत.

"गोमतीअम्मा, कुणाला क्षमा करायची राहिली आहे का?"

गोमतीबाईंनी नाक उडवलं. "माझ्या वहिनीला."

"काय केलं तिनं?"

"माझें श्राद्ध केलें."

साहेबांचा शब्द जिन्यावरून घसरला. "तुमचं? पण तुम्ही..."

"मी ही अशी जिवंत! बाप्तिस्मा घेतला त्या दिवशीं तिरुविडैमरुदूरास, आमच्या गांवीं, माझ्या भावानें घागर फोडली. गोमती मेली म्हणाले. तेव्हापासून दरसाल माझी तिथी. तेंही एक वेळ सोडतें. पण साहेब, माझ्या श्राद्धाच्या खिरीत गूळ कमी घालतात! ज्या घरांत मी तीस वर्षं खीर केली, तिथें! भांड्यांस कल्हई करणारा त्या घरीं जातो, तो दरसाल येऊन सांगतो. पाणी नुसतें, म्हणतो."

पाद्रीसाहेब खूप वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. खांदे मात्र हलत होते.

"शनिवारी शेवटची परीक्षा आहे," ते वळून म्हणाले. "ओळ म्हणता आली तर नाव लिहीन. न मानता म्हणू नका."

ईस्टर येतो पुनवेच्या पाठोपाठ. त्यामुळे ईस्टरला झालेला गोमतीबाईंचा बाप्तिस्मा आणि गोमतीबाईंचं मरण दरवर्षी मागेपुढे एकाच आठवड्यात पडे. शुक्रवारी तिथी होती. त्यांनी मुलींचा भात उतरवला, झटका म्हणतात त्या घोडागाडीत बसल्या, घोड्याला दोनदा आणि झटकेवाल्याला चारदा घाई केली, आणि स्वतःच्या श्राद्धाला वेळेवर पोचल्या.

पुढच्या दाराने जायची सोय नव्हती. मेलेलं माणूस ओसरीवर कसं येणार? त्या परसाच्या कुडापाशी केळीआड उभ्या राहिल्या. परसात पानावर कावळ्यासाठी वाढलेलं. बंधू कृष्णराव बोटात दर्भाचं पवित्रक घालून हात जोडून उभे. बाजूला भटजी, आणि मागे वहिनी सीतालक्ष्मी. कावळा माडावर बसून अंग खाजवत होता.

"गोमती, ये हो," कृष्णराव गहिवरून म्हणाले. "काय राहिलें तुझें? काय हवें तुज?"

"गूळ!" केळीआडून आवाज आला.

भटजींच्या हातातली पळी पडली. कृष्णराव मटकन पायरीवर बसले. सीतालक्ष्मी तेवढी हलली नाही. तिनं कमरेवर हात ठेवला.

"आलांत का वन्सं? चार वर्षं लागलीं!"

"काय गे, ही खीर म्हणायची? इथून पाहिलें तरी कळतें! वेलची कुठें आहे? चार वर्षं माझ्या नांवावर हें पाणी वाढतेस?"

"मुद्दाम वाढतें!"

"मुद्दाम?"

"मग काय! बोलवायची सोय नव्हती, ह्यांनीं घागर फोडलेली. कल्हईवाल्यास दरसाल मीच वाटी भरून देतें आणि सांगतें, कुंभकोणांत जाऊन सांग बरें, गूळ कमी होता म्हणून. म्हटलें, लोकांनीं मेली म्हटलें तें सोसेल, पण खिरीस नांवें ठेवल्यावांचून ही बाई राहायची नाही. येईल. आज येईल, पुढल्या साली येईल..." आणि कमरेवरचा हात डोळ्यांकडे गेला.

गोमतीबाईंनी चार वर्षं मनात जे जे रचून ठेवलं होतं, ते सगळं तोंडाशी आलं आणि तिथेच त्याची वाफ झाली. त्यांना हसू फुटलं. असं फुटलं की केळीचा आधार घ्यावा लागला. कुडाच्या पलीकडून सीतालक्ष्मी हसायला लागली, डोळे पुसत पुसत.

"सोडलें गे, सीते. सगळें सोडलें. आणि मी न सांगतां गेलें, तेंही चुकलेंच माझें. तूंही सोड."

"केव्हांच सोडलें. बसा तिथेंच. नीट खीर करून आणतें."

"ओ बाई," भटजी काकुळतीने म्हणाले, "ज्यांचं श्राद्ध त्याच बसल्या आहेत. मी आता संकल्प कुणाच्या नावानं सोडू?"

"थांबा हो, तिचें खाऊन होऊं दे," कृष्णराव म्हणाले. त्यांनी पवित्रक काढून कानावर खोचलं आणि चार वर्षांनी बहिणीकडे धड डोळे वर करून पाहिलं. "बारीक जाहलीस गे."

"मेल्यावर माणूस बारीकच व्हायचें!"

तेवढ्यात माडावरचा कावळा उतरला आणि कुणाला न विचारता पान साफ करून गेला.

शनिवारी चर्चात गोमतीबाई उभ्या राहिल्या. "आजची भाकर आज दे," आणि मग, मुळीच न थांबता, अडलेली ओळ. ती त्यांनी अशी खणखणीत म्हटली की वळचणीची कबुतरं उडाली. पाद्रीसाहेबांनी टाक उचलला.

"थांबा!" ज्ञानप्रकाशम उभे राहिले. "काल ही बाई श्राद्धाला गेली होती. झटकेवाल्यानं गावभर सांगितलंय. खीरही खाल्ली!"

"कुणाच्या श्राद्धाला?" साहेबांनी विचारलं, जणू ठाऊक नव्हतं.

"हिच्याच! म्हणजे... स्वतःच्या."

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. पुढून चाळलं. मागून चाळलं. "परक्याच्या श्राद्धाला जाऊ नये, असं आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "स्वतःच्या श्राद्धाबद्दल काही दिलेलं नाही."

"निदान एवढं म्हणवून घ्या," उपदेशियार हट्टाला पेटले, "की पुन्हा त्या घरी पाऊल टाकणार नाही. म्हणा, अम्मा, एक वाक्य. मग माझी हरकत नाही."

एक वाक्य. म्हणून टाकलं की उद्या बिशपसाहेबांचा हात, आणि मग दर रविवारी भाकर. गोमतीबाईंनी टाकाकडे पाहिलं. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब लोंबत होता.

"नाही म्हणवत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "जाणार तर आहेंच. पुढल्या पंधरवड्यांत वहिनीस सांडगे घालायचे आहेत. कालच माफी मागून आलें, आणि आज तोंड फिरवूं? मग ती ओळ खोटी पडेल साहेब. तुम्हीं नांव लिहूं नका हवें तर. मी बसतें मागच्या बाकावर." आणि त्या खरंच मागे चालायला लागल्या.

"गोमतीअम्मा!" साहेबांनी नाव लिहून शाई टिपली होती. "पुढं या. ह्या वहीत आज एवढी एकच ओळ मनापासून म्हटलेली आहे."

रविवारी बिशपसाहेबांपुढे एकवीस जण गुडघे टेकून बसले. अगदी गप्प राहायचं, असं उपदेशियारांनी बजावलेलं. गोमतीबाईंच्या डोक्यावर म्हाताऱ्या बिशपांचा हात आला तशा त्या मान वर करून, आपल्या घरगुती मराठीत, काहीतरी बोलल्या. बिशप थबकले.

"काय म्हणाल्या?" त्यांनी पाद्रीसाहेबांना कानात विचारलं.

मराठी न येणाऱ्या पाद्रीसाहेबांनी शेजारच्याला, शेजारच्यानं मागच्या बाईला विचारलं, आणि उत्तर हसत खिदळत बाकांवरून परत पुढे आलं.

"म्हणाल्या, हात गार आहे, बरें वाटलें. घाई नसेल तर ठेवा आणखी थोडा वेळ."

बिशपांनी ठेवला.