पाडव्याची कोर

अडुसष्ट साली चोपड्याच्या केवलचंद शेठनी मुलीच्या साखरपुड्याचे फोटो गावातल्या जीवराम फोटोग्राफरकडून काढून घेतले. फोटो बघून ते म्हणाले, "जीवरामभाऊ, मुलगी धुरकट आणि मागची भिंत लख्ख. तुम्ही भिंतीचाच साखरपुडा केलात की." आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, लग्नाला धुळ्याचा फोटोग्राफर आणायचं त्यांनी बोलून दाखवलं.

जीवराम कॅमेऱ्याला दोष देत राहिला. त्याची बायको तानुबाई मात्र बघत होती. सदऱ्याच्या गुंड्या तो हल्ली चाचपून लावायचा. तो बोलत नव्हता, म्हणून तीही बोलली नाही.

पाडव्याला त्याने टूम काढली. बीजेचा चंद्र सगळ्यांनाच दिसतो, आपण पाडव्याची कोर फोटोत धरायची, मग शेठ काय बोलतात ते बघू.

दिवस मावळायच्या आत तानुबाईने गुढी उतरवली आणि काठी हातात तशीच घेऊन त्याच्यामागे घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छपरावर चढली. त्याने कॅमेरा मावळतीला लावला, काळ्या कापडात डोकं घातलं. बऱ्याच वेळाने तिला कोर दिसली, पितळी ताटाच्या काठावर उजेड चमकावा एवढीच.

"ती देखा, बाभळीना वर."

"कोठे शे?"

त्याने डोकं बाहेर काढलं, पुन्हा आत घातलं. मग हळूच म्हणाला, "माले काहीच दिसत नही."

तिने कठड्याला टेकून काठी वर धरली.

"काठी दिसस ना? तिना टोकना वर दोन बोटं. लवकर करा, बुडी राहिनी."

फोटोत दोऱ्याएवढी कोर आली, खाली काठीचं टोक आणि कोपऱ्यात बांगड्यांसकट तानुबाईचा हात. जीवरामने हात छाटायला कात्री घेतली आणि परत ठेवून दिली.

"हा हात कोणाचा?" दोघं फोटो घेऊन घरी गेली तेव्हा शेठनी विचारलं.

"हिचा. मला चंद्र दिसला नाही शेठ. हिने दाखवला."

शेठनी फोटो डोळ्यांजवळ नेला. आतून शेठाणी प्रेमकुंवर म्हणाल्या, "धुळ्याचा माणूस बायकांत कसा येणार? आम्ही आत घुंघट वर करून बसणार. ही आत येईल, हिलाच फोटो काढायला सांगा."

महिनाभर तानुबाई कॅमेऱ्याच्या काचेत उलटी माणसं बघायला शिकली. आखाजीला मांडवात काळ्या कापडाखालून लुगड्याचा काठ दिसत होता. बाजूला जीवराम तिच्या हुकमाची वाट बघत उभा होता. कापडाआडून तानुबाईचा आवाज आला,

"शेठजी, जरा पुढे या. भिंतीचा फोटो मागेच झालाय."