बँडामागची पाठराखीण

मला एका जागी बसवलं की पायांना मुंग्या येत. आई म्हणायची, "सटवाईनं हिच्या पायाला भिंगरी बांधूनच धाडलीया." पिंपळीत पाटाच्या पाण्याखाली आमचं रान होतं. वांगी, गवार, मिरच्या. मिरच्या तोडताना लांबून, वाऱ्यावर तुटत तुटत बँड ऐकू आला की माझे हात थांबत, मान वळे आणि ओटीतल्या निम्म्या मिरच्या सरीत सांडत. आई ओरडे, "आगं, लगीन लोकाचं, तुला कशाची गडबड?"

गडबड होतीच. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. तोवर आमच्याकडच्या लग्नांत सनई, ताशा, हलगी. मग बारामतीत बँड निघाला. लाल कोट, पितळी बटणं आणि खाली वहाणा. आबांबरोबर वांग्यांची गाडी घेऊन बाजाराला गेले, तेव्हा बाजारामागच्या पडवीत त्यांची तालीम चालली होती. त्यात एक किडकिडीत माणूस क्लॅरोनेट वाजवत होता. आम्ही त्या वाद्याला काळी पिपाणी म्हणायचो. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, आणि सूर वर चढला की त्याचा डावा पाय आपोआप जमिनीवरून उचले. त्याची एक चाल होती. आधी अडखळल्यासारखी थांबत थांबत यायची आणि मग एकदम धावत सुटायची. ती ऐकली आणि मी वेडी झाले. दुसरा शब्द नाही. आबांनी तीन हाका मारल्या, चौथीला पाठीत धपाटा घातला, तेव्हा कुठं मी गाडीत चढले.

आता वयात येऊ लागलेल्या पोरीनं बँडामागं हिंडायचं कसं? पोरं सायकलवर टांग टाकून जात. मला वाट सापडली ती करवलीपणाची. नवरीमागं करवली लागतेच आणि लग्न झाल्यावर नवरीबरोबर सासरी चार दिवस पाठराखीणही लागते, नव्या घरात तिला सोबत म्हणून. बाकीच्या पोरी पाठराखीण व्हायला कंटाळत. परकं घर, परकी चूल, वर नवरीचं रडणं. मी मात्र हात वर करूनच बसलेली. लग्न कुणाचं, हे नंतर. आधी विचारायची, "बँड कुठला हाय?" बारामतीचा म्हटलं की माझं बोचकं तयार. चुलत, मावस, शेजारची, भावकीतली, कुणाच्याही मागं मी गेले. लोणी भापकरला गेले, सणसरला तर चारदा. भावकीत मला कायमची पाठराखीण म्हणू लागले. म्हणेनात का!

पाठराखीण म्हणून मी अगदी टाकाऊ होते. नवरी खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देतेय आणि मी मान उंच करून काळी पिपाणी शोधतेय. सणसरला एकदा मावसबहिणीची वरात चालली असताना मी गाडीतून खाली उतरले आणि क्लॅरोनेटवाल्याच्या बाजूनं चालू लागले. चालता चालता भान राहिलं नाही. नवरीनं माप ओलांडलं, आत गेली, आणि पाठराखीण अजून वेशीपाशी बँडात! मावशीनं त्यावर मला जे झापलं, ते मी कधी विसरले नाही. पण त्याच संध्याकाळी क्लॅरोनेटवाला माझ्याकडं बघून आपल्या माणसांना म्हणाला होता, "करवली आली बाबा. आता नीट वाजवाय पायजे." महिनाभर मी त्या एका वाक्यावर नाचत होते.

मग आबांचे कुणीतरी कान भरले. "पोरगी लग्नाला आली आन् लोकांच्या लग्नातनं हिंडती." आबांनी एका शब्दात बंद केलं, "बास." दोन लगीनसराया मी घरात काढल्या. बँड लांबून वाजायचा आणि मी पाटाच्या कडेला येरझाऱ्या घालायची. लांबून क्लॅरोनेट ऐकू येत नाही. ढोल तेवढा येतो. जीव नुसता तळमळायचा.

सणसरचं स्थळ आलं तेव्हा आईनं विचारलं, "पोरगा कसा वाटतो?" मी पोराकडं नीट पाहिलंही नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की त्या घरात बारामतीच्या बँडाशिवाय लग्न लागत नाही. मी हो म्हटलं. लग्नानंतर आपलं हिंडणं संपलंच, हे कळत होतं. पण ती चाल एकदा, फक्त एकदा, माझ्यासाठी वाजणार होती. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं नवरीच उतावळी होती.

लग्न आमच्या दारात, दुपारच्या मुहूर्तावर. मला माजघरात गौरीहरापुढं पाटावर बसवलं. नवरीनं खाली मान घालून देवीवर एकेक अक्षत वाहायची आणि मामा येऊन उचलेपर्यंत पाट सोडायचा नाही. उठली तर अपशकुन. मी बसले. मारुतीच्या देवळापासून बँड निघाला. ढोल आला, कर्णे आले. वाजत वाजत मांडवापाशी आले. आणि ती चाल सुरू झाली! माझ्या अंगावर काटा आला. पण कर्णाच सगळं ओढत होता. जिथं क्लॅरोनेटनं धावत सुटायचं, तिथं नुसतीच मोकळी जागा. मी पुन्हा कान दिला. नाही. क्लॅरोनेट नव्हतंच.

मला धीर धरवेना. मी उठले. आई "आगं, आगं!" करेस्तोवर खिडकीशी पोचलेसुद्धा. घोड्यावर नवरदेव, पुढं लाल कोट, आणि मधोमध क्लॅरोनेट तोंडाला लावून एक म्हातारा. गाल बसलेले. बोटं हलतायत, गाल हलत नाहीत. मोठ्या तिथीला बँडवाले माणसं कमी पडली की कुणालाही कोट घालून उभं करतात, हे मी ऐकून होते. माझ्या लग्नात हे? डोक्यात तिडीक गेली. मी खिडकीतून मोठ्यानं ओरडले, "ह्यो खोटा हाय! वाजवत न्हाय! निस्ता तोंडाला लावून हुबा हाय!"

बँड थांबला. सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, "आगं बया, गौरीहरावरनं उठली की गं ही!" नवरदेवाचे चुलते तरातरा पुढं गेले आणि त्या म्हाताऱ्याला दंडाला धरून रांगेतून बाहेर काढलं. त्यानं क्लॅरोनेट खाली घेतलं आणि खिडकीकडं पाहिलं. तोंड पार आत गेलं होतं, पण डोळे तेच.

तो तोच होता.

मामानं मला ओढून पाटावर बसवलं. पुढं लग्न कसं लागलं, मला सांगता येणार नाही. अंतरपाटाआड मी ढसाढसा रडत होते आणि बायका एकमेकींना म्हणत होत्या, माहेर तुटतंय, रडणारच.

गाड्या जुंपल्या तेव्हा तो गाड्यांजवळच लिंबाखाली बसला होता. कोट काढून गुडघ्यावर ठेवलेला. नव्या नवरीला शोभत नव्हतं, पण शोभण्यासारखं मी त्या दिवशी काय केलं होतं? मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काका, मी तुमाला वळखलं न्हाय वो. चुकलं माझं."

"तू कशी वळखशील? फुडचं दात गेलं गं बाई. दाताबिगर ह्यात फुंक टिकत न्हाय. मालक म्हणलं, कोट घालून हुबा ऱ्हा, मेळ मोठा दिसतो." त्यानं क्लॅरोनेटवरून हात फिरवला. "दोन लगीनसराया हुबा हाय असा. एकाबी मांडवात कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. मला वाटाय लागलं, दात व्हतं तवाबी कुणी ऐकत नसंल." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "एक तरी ऐकत हुती म्हणायची."

मी त्याच्या पाया पडले. मागून सासूबाई हाका मारत होत्या.

पुढच्या लगीनसराईत सणसरला तोच बँड आला. दारात उभी राहून मी रांगेतला एकेक चेहरा पाहिला. तो नव्हता. कुणीतरी सांगितलं, त्या पिंपळीच्या लग्नानंतर मालकानं त्याला उभा करणं बंद केलं. त्याची भाकरी त्या कोटावर होती, हे मला तेव्हा कळलं.

आजही कुठल्या लग्नात बँड आला की मी आधी क्लॅरोनेटवाल्याचे गाल बघते. हलत असले तर पुढं जाऊन ऐकते. हलत नसले, तर तोंड मिटून बसते.