पोरं बसली की गप्प होणारी गाडी

भाभीने उजवा हात वर केला की गाडीतल्या पोरांनी तोंडं मिटायची. एसी बंद, कॅसेट बंद, काचा खाली. दुबईच्या उन्हाळ्यात काच खाली करणं म्हणजे तापलेल्या तव्यावर तोंड धरणं, पण कुणाची कुरकुर करायची बिशाद नव्हती. भाभी मान तिरकी करून ऐकायची आणि मग विचारायची, "पायाला काय लागतंय काय?"

थरथर स्टिअरिंगला, म्हणजे हाताला लागली तर दोष बहुतेक पुढच्या चाकांत. सीटला आणि पायाखाली लागली तर मागच्या. हे तिने सहाही पोरांना पढवून ठेवलं होतं. हाताचं ती स्वतः बघायची, पायाचं पोरांनी सांगायचं. "नथिंग इन माय फीट, आंटी," माझी केतकी पुढच्या सीटवरून कळवायची. घरी पाण्याचा ग्लास उचलून ठेवायची नाही ती पोरगी, आणि तिथे बूट काढून तळवे टेकून बसायची. मला मेलीचा रागच यायचा.

बिल्डिंगभर हुकूम चालवणारी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. आमच्या करामा भागातल्या बिल्डिंगमध्ये ती भाभी होती. मूळची रत्नागिरीकडची, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. नवरा दूर रुवैसला तेलाच्या रिफायनरीत, सुट्टीपुरता घरी यायचा. मूलबाळ नव्हतं. तेव्हा, नव्वदच्या दशकात, आम्हा बायकांत गाडी चालवणारी ती एकटीच. शाळेची बस गल्लीबोळ फिरून पोरांना अर्धमेलं करायची, म्हणून भाभीनेच एक दिवस जाहीर केलं, "उद्यापासून माझ्या गाडीत बसवा. भांडणं करतील तर उतरवीन." आम्ही आया तिच्या जिवावर निर्धास्त झालो.

गाडी जुनी, पांढरी, जपानी. भाभीला तिच्या प्रत्येक आवाजाचा अर्थ लागायचा. वळताना कटकट वाजलं तर काय, ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरलं तर काय. कधी कधी साफ चुकायचीही. एकदा आठवडाभर बेअरिंगला शिव्या घातल्या आणि निघाला बंपरखाली अडकलेला पुठ्ठा. पण चुकले असं म्हणेल ती भाभी कसली. "पुठ्ठा बेअरिंगसारखा वाजत होता," म्हणाली.

त्या हिवाळ्यात गाडी शंभरच्या पुढे थरथरायला लागली. चाकांचं बॅलन्सिंग केलं, टायर पुढचे मागे केले, थरथर गेली. मागे राहिला एक आवाज. खड्ड्यावरून किंवा पुलाच्या सांध्यावरून गेलं की पुढून, उजवीकडून (तिकडे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटच्या बाजूने), खट.

गंमत अशी, की भाभी एकटी असली तरच तो यायचा. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात तिचा ठरलेला पठाण मेकॅनिक होता, चांगला धिप्पाड. तो शेजारी बसला, मी मागे बसले (मीही काही हलकी नाही), भाभीने सगळे खड्डे शोधून शोधून त्यावर गाडी घातली. आवाज नाही म्हणजे नाही. "कुछ नहीं बाजी. खलास," तो म्हणाला. स्वतःच्या कानाने ऐकल्याशिवाय गाडी उचलून बघायची नाही, असा त्याचा खाक्या. असं दोनदा झालं.

पोरं बसली तरी तेच, आवाज बंद. भाभीने मग आपल्यापुरता निकाल लावला. "माझ्या एकटीवर चिडते ती. पोरं बसली की गप्प," ती कौतुकाने सांगायची. "अल्लाला पोरांची काळजी असते गो." आम्हा सगळ्यांना ते पटलं. आपलं पोर बसलं की गाडी बरी असते, आणखी काय पाहिजे?

मार्चमध्ये केतकीचा बोर्डाचा गणिताचा पेपर होता. बाकीच्या पोरांना सुट्टी लागली होती, त्यामुळे गाडीत ती एकटीच. माझ्याच्याने घरी बसवेना, म्हणून रजा टाकून मीही मागे बसले, भाभीच्या पाठीमागे. केतकी पुढे सूत्रं पुटपुटत होती. खाडीवरच्या गरहूद पुलावर चढलो आणि खट. लगेच पुढच्या सांध्यावर पुन्हा खट.

भाभीने हात वर केला नाही. तिचा चेहरा मला आरशात दिसला, रंगच उडाला होता. "पोरगी बसलीय," ती म्हणाली, "पोरगी बसलीय नि आवाज येतोय." तिने इंडिकेटर लावून गाडी पुलाच्या कडेला घेतली आणि थांबवली. मागून हॉर्नचा नुसता गोंधळ.

"उतरा दोघी."

"भाभी, गेट बंद होईल. पूल उतरू, मग थांब."

"पूल उतरणार नाही. उतर."

मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. तुझं हे खूळ आजच निघायचं होतं का, तुला पोर असतं तर कळलं असतं, इथपर्यंत गेले मी. केतकी रडायला लागली. "आंटी, प्लीज, आय विल मिस इट." भाभीने केतकीच्या बाजूचं दार बाहेरून उघडलं, दंडाला धरून तिला कठड्याकडे उभं केलं.

"वर्ष जाईल तिचं," मी म्हटलं.

"गेलं तर जन्मभर मला शिव्या दे. आता या गाडीत बसायचं नाही."

मग ती भर रस्त्यात दोन्ही हात पसरून उभी राहिली. गाड्या तिला चुकवून जात होत्या. शेवटी एका बेकरीची व्हॅन करकचून थांबली. मल्याळी ड्रायव्हर शिव्या द्यायला उतरला, आणि त्याने शब्द काढायच्या आत भाभीने आम्हाला व्हॅनमध्ये कोंबलं. खुबूसच्या, म्हणजे अरबी रोट्यांच्या, गरम पिशव्यांवर बसून आम्ही शाळेत पोचलो. वॉचमन गेट ओढतच होता. केतकी आत गेली आणि मी तिथेच फुटपाथवर बसकण मारली.

दुपारी मी इंडस्ट्रियल एरियात गेले, भांडायच्या तयारीनेच. गाडी रिकव्हरी व्हॅनने तिथे आणली होती. पुलावर तिचं पुढचं टोक उचललं तेव्हाच उजवं चाक पाय मुरगळल्यासारखं बाहेर कललं होतं. चाकाला धरून ठेवणारा सांधा, त्याला बॉल जॉइंट म्हणतात, तो नावापुरता उरला होता. पठाण खाली मान घालून हिंदीत समजावत होता, की गाडीत वजन पडलं की हा सांधा दाबून बसतो, मग वाजत नाही. झिजतो मात्र जास्तच. आज त्या बाजूला हलकी केतकी एकटीच होती, म्हणून वाजला.

भाभी स्टुलावर बसली होती, ओढणीला ग्रीस लागलेलं. मी दुसरं स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.

"म्हणजे पोरं बसायची तेव्हा ती बरी नव्हती," ती म्हणाली. "तेव्हाच जास्त वाईट होती. आणि मी खुशीत नेत होते." मी तिला जवळ घेतलं.

गाडी दुरुस्त झाली. भाभी प्रत्येकीच्या दारात जाऊन जे घडलं ते सांगून आली. एकीनेही तिला दोष दिला नाही. शाळेचं नवीन वर्ष सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळ्या मिळून तिच्याकडे गेलो आणि म्हटलं, भाभी, पोरं तुझ्याच गाडीतून जातील, आमचा विश्वास आहे.

"तुम्ही द्याल गो," ती म्हणाली. "मीच घेणार नाही."

पोरं पुन्हा बसने जायला लागली. त्याच वर्षी भाभी नवऱ्याकडे रुवैसला राहायला गेली आणि पुढे तिथून गावी. निघायच्या दिवशी ती निरोप घ्यायला आली ती सकाळी, पोरं शाळेत असतील अशी वेळ बघून. "पोरं येईपर्यंत थांब की," मी म्हटलं. ती तोवर जिना उतरायला लागली होती.

दुपारी केतकी आली, समोरच्या दाराला कुलूप बघून थबकली. मी पान वाढलं होतं. ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून खाली गेली, भाभीच्या गाडीची जागा बघायला.