दोन ओढ्यांचा गाळ

श्रावण लागला होता आणि लोंढ्याहून सुप्याला जाणारा गाडीरस्ता पावसाने तुटला होता. म्हणून बेळगावहून निघालो तो लोंढ्याला न उतरता तसाच पुढे कॅसलरॉकपर्यंत गेलो. सोबत एक वळकटी, एक छत्री आणि गवतात गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्यांची पेटी होती.

मी बेळगावच्या एका शाळेत शास्त्र शिकवतो. नद्यांच्या कामावर असलेले एक इंजिनिअर माझे स्नेही. सुप्यापलीकडच्या गुंद गावच्या शेतकऱ्यांचा अर्ज त्यांच्याकडे आला होता. पुराबरोबर वाळू येऊन भातशेते बुडतात आणि पाणीही पिण्याजोगे राहिलेले नाही, असे त्यात म्हटले होते. दोष वरच्या डोंगरातल्या एका वस्तीवर ठेवला होता. ती माणसे कुमरी (उतारावरचा झाडोरा जाळून करायची नाचणीची शेती) करतात, त्यामुळे डोंगर सुटतो, तेव्हा त्यांना तिथून उठवावे, अशी मागणी होती. ज्यांच्या हाती निर्णय होता ते वरचे साहेब त्याला अनुकूल होते. माझ्या स्नेह्यांचे म्हणणे एवढेच, की आधी पुराचे पाणी मोजा, गाळ तोला, मग माणसे उठवा. पण ऐन वेळी त्यांना हिवतापाने गाठले आणि ते काम माझ्याकडे आले.

कॅसलरॉकला उतरलो तेव्हा धुक्यात स्टेशनचे कंदील तेवढे दिसत होते. गोव्याकडून आलेल्या उतारूंच्या घोळक्यात मी सापडलो आणि जकातीच्या कारकुनाने माझी पेटी उघडायला लावली. एवढ्या बाटल्या पाहून त्याचा चेहरा उजळला.

"काय भरून आणलंय?"

"काहीच नाही. भरून न्यायच्या आहेत."

"कशानं?"

"गढूळ पाण्यानं."

त्याने एकेक बूच काढून वास घेतला. शेवटी पेटी बंद करून तो म्हणाला, "मास्तर, इतक्या लांब कशाला गेलात? आमच्या विहिरीचं न्यायचं." मग त्यानेच चहा मागवला आणि सुप्यापर्यंत वाट दाखवायला एक हमाल गाठून दिला.

त्या वाटेबद्दल फार लिहीत नाही. पाऊस होता, चिखल होता आणि उंबळे (जमिनीवरच्या जळवा) होते. हमालाने तंबाखू आणि चुना भिजवून माझ्या पोटऱ्यांना फासला. त्यामुळे उंबळे कमी झाले, पण माझी पोटरी मात्र दिवसभर चुरचुरत राहिली. जंगल इतके दाट की पाऊस थांबला तरी झाडांखाली तो पडतच राही. सुप्याला एका खानावळीत गरम भात आणि कोकमाची कढी मिळाली. इतक्या चवीने मी बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी काळी नदी नावेतून ओलांडली. पाणी तांबूस, फुगलेले, मधूनच एखादे उपटलेले झाड फिरत फिरत जाई. पलीकडे पाय टेकल्यावरच नाववाला बोलला, "आज नदी बरी हाय."

गुंदला तुकाप्पा नावाच्या शेतकऱ्याकडे उतरलो. अर्जावर पहिले नाव त्याचेच होते. मला वाटले होते, माणूस भांडखोर असेल. पण तो मला सरळ शेतावर घेऊन गेला. तिथे भाताची रोपे निम्म्याहून अधिक वाळूत गाडलेली होती. नुसते शेंडे वर राहिले होते. तुकाप्पाने वाकून एक रोप ओढले आणि मुळाची माती झटकली.

"आमचं त्यांच्याशी वैर न्हाई, राव," तो म्हणाला. "त्या वस्तीतल्या देवू गौड्याच्या घरी माझं जेवणखाण होतं. पन शेत असं गेल्यावर मी काय करू? कुनाचं तरी नाव घ्यायाच पायजे न्हवं?"

त्या शेतातली वाळू मी एका डबीत भरून घेतली. लाल, जाड, हाताला खरखरीत.

गुंदहून वर अर्ध्या दिवसाच्या चालीवर देवू गौड्याची वस्ती होती. दहा-बारा गवताची घरे, मध्ये अंगण. देवू गौडा साठीचा, उंच, कमी बोलणारा. त्याची थोरली बहीण जनाक्का विधवा होती आणि घर तिच्याच हुकमात चाले. मी कशासाठी आलो ते सगळ्यांना आधीच कळले होते. तरी जनाक्काने पहिल्यांदा पाय धुवायला ऊन पाणी दिले आणि मग पान वाढले. तांदळाची भाकरी, कीर्ल (बांबूचे कोवळे कोंब) घालून केलेली आमटी आणि बरोबर तांबड्या मुंग्यांची चटणी. ती चटणी आंबट, झणझणीत, आणि कशाची ते जेवून झाल्यावर कळले म्हणून बरे.

हात धुताना देवू गौडा माझ्याजवळ उभा राहिला. "मास्तर, आमी इथं आमच्या आज्यापासनं हाय. आमच्याबद्दल चांगलं लिवा."

"गौडा, मोजल्यावर जे येईल तेच लिहीन."

त्याने मान हलवली. "व्हय. तसंच लिवा." रागावला नाही. त्याने रागावायला हवे होते असे मला वाटून गेले.

वस्ती दोन ओढ्यांच्या बेचक्यात होती. इथे ओढ्याला हळ्ळ म्हणतात. एक हळ्ळ कुमरीच्या उतारावरून येई. दुसरी ज्या उतारावरून येई तिथे लाकडाच्या एका ठेकेदाराने साग तोडला होता. ओंडके ओढून खाली आणायची वाट अगदी सरळ डोंगरावरून काढली होती. दोन्ही ओढे वस्तीखाली मिळून गुंदकडे जात. प्रश्न सोपा होता. कोणता ओढा जास्त गाळ आणतो?

जंगलखात्याचा एक गार्ड, बसप्पा, तिथे आधीच येऊन बसला होता. धारवाडकडचा, तरणा, मिशा पिळलेला. "मास्तर, ह्या लोकांनी पाण्यात काही गडबड करू नये म्हणून मला पाठवलंय," त्याने सगळ्यांसमोर सांगितले. जनाक्काने त्यालाही पान वाढले.

पहिले काही दिवस उघडीप होती. ओढे साधेच वाहत होते. लाकडाचे तुकडे सोडून मी प्रवाहाचा वेग मोजला, काठावर रंगवलेली काठी रोवली, दोन्ही ओढ्यांचे पाणी बाटल्यांत भरून ओळीने ओसरीवर ठेवले. निकाल डोळ्यांनाच दिसत होता. ओंडक्यांच्या ओढ्याचे पाणी जवळजवळ नितळ होते आणि कुमरीच्या ओढ्याचे पिवळे. तासन् तास ते निवळत नव्हते. येताजाता वस्तीतली माणसे त्या बाटल्यांकडे पाहत आणि पुढे जात. मुले तेवढी जवळ येऊन बसत आणि आया त्यांना हाका मारून नेत.

बसप्पा म्हणाला, "झालं की काम. लिहून टाका आणि चला."

"पुराचे पाणी पाहिल्याशिवाय नाही," मी म्हणालो. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच होते. शेते पुरानेच बुडत होती. पण मी तेवढ्याचसाठी थांबलो असे म्हणणे खरे होणार नाही. मला ती पिवळी बाटली आवडली नव्हती.

मग पाऊस आला. सकाळपासून डोंगरावर काळोख दाटला आणि दुपारच्या आत दोन्ही ओढ्यांचा आवाज बदलला. पूर चढत असतानाच दोन्हीकडचे पाणी एकदम घ्यायला हवे होते आणि मी एकटा. कुमरीच्या ओढ्यावर अलीकडून काठ वेताच्या जाळीने भरलेला. प्रवाहात बांबू पोचेल असा खडक पलीकडे, साकव (ओढ्यावरचा लाकडी पूल) ओलांडून. तिथे कोणाला पाठवायचे? वस्तीतल्या कोणी पाणी आणले तर साहेब म्हणतील, यांनी स्वच्छ पाणी भरले. बसप्पाने एकट्याने आणले तर वस्ती म्हणेल, याने तळाचा चिखल ढवळला.

जनाक्काच पुढे आली. "मी जातो गार्डाबरोबर," ती म्हणाली. इथल्या बाया पुष्कळदा असेच बोलतात. "त्यानं माझ्याकडं बघावं, मी त्याच्याकडं बघतो."

बसप्पा हसला नाही. त्याने डोक्यावर इरले घेतले आणि बाटल्यांची टोपली उचलली. बांबूला बाटली कशी बांधायची आणि पाण्याच्या मध्यावर बूच दोरीने कसे ओढायचे, ते मी दोघांनाही करून दाखवले. ते साकवाकडे गेले. मी देवू गौड्याबरोबर ओंडक्यांच्या ओढ्यावर गेलो.

काय पाहिले ते सांगतो. ओढ्यात पाणी नव्हतेच, लाल रेंदा होता. ओंडके ओढून ओढून जी वाट घळीसारखी झाली होती, तिच्यातून डोंगराची माती दगडांसकट खाली येत होती. बाटली बुडवली की बांबूला वाळूचा मार जाणवे. मी एकामागून एक बाटल्या भरत गेलो. देवू गौड्याने माझ्या कमरेला दोर बांधून तो झाडाला गुंडाळला होता आणि स्वतःही धरला होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. पाण्याकडे पाहत होता.

परत आलो तेव्हा अंगणात गलका होता. साकव वाहून गेला होता.

पलीकडे कोणी दिसत नव्हते. पुराच्या आवाजात हाका पोचणे शक्य नव्हते. देवू गौडा काठाने वर गेला, खाली गेला, परत आला. "खडकावर बी कुनी न्हाई," एवढेच म्हणाला. अंधार पडल्यावर काही करण्यासारखे राहिले नाही. कोणी जेवले नाही. माझ्या बाटल्यांसाठी दोन जीव गेले, ही एकच गोष्ट मनात फिरत राहिली. बसप्पाचे लग्न चैत्रात झाले होते, हेही मला आदल्याच दिवशी त्याने सांगितले होते.

सकाळी पाऊस उणावला. मी अंगणात उभा होतो. वरच्या रानातून कुणीतरी खाकरले. वळून पाहिले तर जनाक्का पुढे आणि मागे टोपली डोक्यावर घेतलेला बसप्पा, चिखलाने माखलेला, एका पायात वहाण नाही. ओढ्याच्या उगमाला वळसा घालून दोघे आले होते.

देवू गौडा बहिणीपुढे जाऊन उभा राहिला. म्हणाला, "कुटं व्हतीस?"

"कुमरीतल्या माळ्यावर," ती म्हणाली. "ह्या पोराला आधी कायतरी खायाला दे. रातभर थंडीनं काकडलाय."

मी तिथेच ओट्यावर बसलो.

बसप्पाने आंबील (नाचणीची पातळ पेज) प्यायल्यावर हकीकत सांगितली. पाणी भरून होईस्तो साकव गेला. पाणी खडकावर चढू लागले तेव्हा जनाक्काने त्याला वर कुमरीत नेले. तिथल्या राखणीच्या माळ्यावर दोघांनी रात्र काढली. "मी टोपली टाकून पळणार होतो," तो म्हणाला. "अक्कानं टाकू दिली न्हाई. म्हणाली, आमचं घर त्यात हाय. मग मला पण टाकवेना."

दोन्हीकडच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. कुमरीचे पाणी तसेच पिवळे होते, जरासे दाट. ओंडक्यांच्या ओढ्याच्या बाटलीत मात्र पाहता पाहता तळाला बोटभर लाल वाळू बसली. मी पाणी गाळले, गाळ चुलीच्या उबेवर वाळवला आणि लहान तराजूत तोलला. तोलायचीही फारशी गरज नव्हती. कुमरीतून येत होती ती बारीक माती. ती पाण्याला रंग देई, पण शेत गाडण्याइतके वजन तिच्यात नव्हते. तुकाप्पाच्या शेतातली वाळू मी डबीतून तळहातावर घेतली आणि लाल गाळाशेजारी ठेवली. देवू गौड्याने दोन्हींवरून बोट फिरवले.

पाण्याचीही परीक्षा केली. जांभळ्या औषधाचे (पोटॅशियम परमँगनेट; पाण्यात कुजके असले की त्याचा रंग उडतो) थेंब टाकल्यावर ओंडक्यांच्या ओढ्याच्या पाण्यात रंग ताबडतोब उडाला. तोडीची साल आणि पाला त्या घळीत कुजत पडला होता. ते पाणी उकळूनच प्यावे, असे मी वस्तीला सांगितले आणि परतताना गुंदलाही सांगितले.

साहेबांचा मुक्काम तेव्हा सुप्याला होता. मी, बसप्पा आणि तुकाप्पा असे तिघे बाटल्या घेऊन गेलो. तुकाप्पा आपण होऊन आला. साहेबांनी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि बसप्पाला विचारले, "हे पाणी तूच भरलेस?"

"व्हय साहेब. मी आणि गौड्याची बहीण. दोघांनी एकमेकांकडं बघत."

साहेबांनी ओंडक्यांची वाट पावसाळ्यापुरती बंद करायला सांगितले आणि तिच्यावर आडवे बांध घालण्याची आज्ञा दिली. वस्ती उठवण्याचा विचार सोडून दिला. कुमरीबद्दल मात्र ते म्हणाले, यंदा राहू दे, पुढचे पुढे पाहू. मी त्याहून अधिक काही मागू शकत नव्हतो. तुकाप्पा बाहेर आल्यावर म्हणाला, "मीच जाऊन सांगतो गौड्याला. तेवढं मला करू द्या." आणि तो तसाच नावेकडे गेला.

कॅसलरॉकला गाडी मिळाली. ऊन पडले होते. मी खिडकीशी बसलो आणि बेळगाव येईपर्यंत झोपलो.

घरी पत्नीने विचारले, "म्हणजे ती माणसे तुमच्यामुळे राहिली?"

मी नाही म्हणालो, आणि ते विनयाने म्हटले नव्हते. त्यानंतर मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. वाळू पिवळ्या बाटलीत बसली असती, तर मी देवू गौड्याच्या ओट्यावर बसून ते लिहिले असते का? त्याला मी तसे वचन दिले होते. शाळेत मुलांना मी तेच शिकवतो. तरीही ठाम उत्तर मला देता येत नाही. त्या पावसाळ्यात खरे लिहिणे आणि चांगले लिहिणे एकच निघाले. ती सुटका जितकी त्या वस्तीची होती तितकीच माझीही होती.