ही कहाणी कोणाची?

प्रतिभा मोगल नाशकात महापालिकेच्या शाळेत तिसरीला शिकवायची. माहेर सायखेड्याचं, सासर पिंपळगाव बसवंतचं, नवरा महेश एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात. शाळेतल्या स्नेहसंमेलनात तिनं एकदा मुलांचं नाटुकलं बसवलं, ते पाहून शैलाताई गायधनींनी तिला आपल्या संस्थेत ओढलं. ही गोष्ट सत्त्याण्णव सालची. संस्थेचं नाव 'ओटा'. पाच-सहा बायका मिळून बायकांच्या आयुष्यावरची नवी नाटकं उभी करायच्या. प्रतिभाला वाटलं, चला, आपल्यालाही चार शहाण्या माणसांत बसता येईल.

नाटक लिहून आणायचं नाही, बसून घडवायचं, अशी तिथली रीत होती. शनिवारी दुपारी एका शाळेच्या रिकाम्या वर्गात सतरंजी पडायची. प्रत्येकीनं एक हकीगत सांगायची. स्वतःची नव्हे, ओळखीतल्या कुठल्या तरी बाईची, पण सांगायची 'मी' म्हणून. कोणाची आहे ते कोणी विचारायचं नाही. शैलाताई म्हणायच्या, त्यानं त्या बाईची अब्रू राहते आणि नटीला तिचं कातडं पांघरता येतं. 

पहिली दोन वर्षं ठीक गेली. मग हळूहळू तिच्या लक्षात येऊ लागलं. एखादी बोलता बोलता रडली की शैलाताई डोळे मिटून मान डोलवायच्या, चांगली तान ऐकल्यासारख्या. रडणं साधंच निघालं तर म्हणायच्या, "छान आहे गं, पण हे सगळ्यांकडेच असतं." मग खारी आणि चहा यायचा. कोणाच्या तरी पोटातलं मेलेलं मूल नुकतंच सतरंजीवर मांडलेलं असायचं, आणि तिथंच खारीचा भुगा सांडायचा.

अशाच एका शनिवारी, आपल्याकडेही काही आहे हे दाखवायच्या नादात, प्रतिभानं नवसाबाईची हकीगत सांगितली.

नवसाबाई तिची चुलती. प्रतिभाची आई लवकर गेली, वाढवलं हिनं. तिसऱ्या बाळंतपणानंतर बाराव्याच दिवशी तिला कांदा लावायला वाफ्यात उतरवलं, तेव्हापासून तिची गर्भपिशवी खाली सरकून अंग बाहेर यायचं. चिंध्यांचा बोळा आत सारून वर लंगोट कसायची आणि डोक्यावर पाट्या वाहायची. उजाडायच्या आत नदीवर जाऊन त्या चिंध्या धुवायची. डॉक्टरला दाखवायचं म्हणजे आधी नवऱ्याला, पुंजारामकाकांना सांगायचं, मग सासूला, मग गावाला. तिनं कोणालाच सांगितलं नाही. प्रतिभाला ठाऊक होतं ते एकदा अवचित पाहिलं म्हणून, आणि त्या दिवशी नवसाबाईनं तिला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली होती.

शैलाताईंनी डोळे मिटले नाहीत. उलट टक्क उघडले.

"हेच नाटक," त्या म्हणाल्या.

आणि तेच नाटक झालं. तालमीत शैलाताईंनी एक स्टीलची बशी आणली. तीत लाल रंगात भिजवलेला चिंध्यांचा बोळा. तो घेऊन प्रतिभानं पहिल्या रांगेपर्यंत जायचं आणि एकेका प्रेक्षकाच्या नाकाखाली धरायचा.

"एवढं नको, ताई," प्रतिभा म्हणाली.

"का? सत्याची किळस येते?"

"सत्याची नाही. बशीची येते."

वेदिका नावाची एक कॉलेजातली मुलगी फिसकन हसली. शैलाताई हसल्या नाहीत. बशी राहिली. स्पर्धेत नाटकाला बक्षीस मिळालं. एक परीक्षक प्रतिभाला बाजूला घेऊन म्हणाले, "फार धाडसी," आणि बोलताना त्यांची नजर सारखी तिच्या निऱ्यांवर येत होती.

मग सायखेड्याचं बोलावणं आलं. महिला दिनाचा मेळावा, दुपारी, शाळेच्या पटांगणात. प्रतिभानं सांगून पाहिलं की तेवढा प्रवेश तिथं गाळू या.

"तोच तर प्रयोग आहे," शैलाताई म्हणाल्या. "तुला जमत नसेल तर वेदिका करेल."

वेदिका शब्दन् शब्द तसाच बोलली असती, कांद्याच्या वाफ्यासकट आणि नदीसकट. प्रतिभानं ठरवलं, आपणच जायचं. वाफा गाळला, नदी गाळली, बशी मुद्दाम नाशकात विसरली. पण मांडवात पाऊल टाकलं आणि पाहते तर पहिल्या रांगेत मधोमध नवसाबाई. नटीची चुलती म्हणून बायकांनी मानानं पुढं बसवलेली, अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं.

प्रवेश सुरू झाला. दुसऱ्याच वाक्याला नवसाबाईला कळलं. ती हलली नाही. फक्त पदराचं टोक दातांत धरलं आणि जमिनीकडं बघत राहिली.

प्रतिभानं कसंबसं रेटलं. पण खरी घाण पुढंच होती. प्रयोग संपला की 'ओट्या'ची चर्चा व्हायची. शैलाताई माईक घेऊन खाली उतरायच्या आणि एक ठरलेला प्रश्न विचारायच्या. शहरात त्यावर लोक 'ही तर प्रत्येक स्त्रीची कहाणी' असलं काहीतरी बोलून टाळ्या घ्यायचे.

"ही कहाणी कोणाची असेल असं वाटतं तुम्हाला?" शैलाताईंनी विचारलं.

गावानं प्रश्न खराच मानला. बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"गोटीरामच्या घरची असंल," मागून एकजण बोलली. "फाकून चालती ती."

"तुझीच असंल, भवाने," गोटीरामची बायको म्हणाली. मांडव हसला.

"भागीबाईची हाय का बघा. ती कवाच मांडी घालून बसत नाय."

"आन् ही नवसाबाई? ही तरी कुठं बसती?"

माना पहिल्या रांगेकडं वळल्या. शैलाताईंचा चेहरा फुलला होता. लोक केवढे रंगलेत. त्या माईक घेऊन चक्क नवसाबाईच्या दिशेनं निघाल्या.

प्रतिभा मध्ये शिरली आणि तिनं माईक हिसकला. "माझी आहे," ती म्हणाली. "माझी स्वतःची. आता बास."

 मग सगळ्या माना तिच्याकडं वळल्या, आणि मानांबरोबर नजरा खाली सरकल्या.

परतीच्या टेंपोत शैलाताईंनी तिला मिठी मारली. "मला वाटलंच होतं. असं कोणी नुसतं अभिनयानं करूच शकत नाही." चार दिवसांत त्यांनी हे वर्तमानपत्रालाही सांगितलं. नावासकट छापून आलं.

एकलहऱ्याला महेशच्या सोबत्यांनी ते वाचलं. त्यानं घरी येऊन डबा आपटला. दुखणं हिचं नाही, हे त्याला माहीत होतं.

"कोणाचं आहे ते सांगून मोकळी हो ना."

"नाही सांगणार."

"मग मी तोंड कुठं दाखवू?"

"तुला काय झालंय? तुझं सगळं जागच्या जागी आहे."

सासू आक्काबाई पिंपळगावहून मुद्दाम आल्या. "लग्नाच्या आधीपासून होतं का गं? आमाला फसवलं म्हनायचं." मग लोणच्याची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली, हिचा हात लागू नये म्हणून. प्रतिभाला सासूची, नवऱ्याची, त्या बशीची, सगळ्यांची एकच शिसारी आली. त्यातही नवसाबाईकडून काही निरोप नाही, याचं काहूर वेगळंच.

निरोप नाही आला, नवसाबाईच आली. कोथिंबिरीच्या जुड्या ओट्यावर ठेवल्या आणि आक्काबाईंसमोर म्हणाली, "इहिनबाई, पोरीचं आपरेशन करून टाकू. मी ऱ्हाते तिच्यापाशी दवाखान्यात. घरी सांगून आलेय, पोरीला आई नाय, मलाच करावं लागतंय." आणि आक्काबाईंची पाठ वळताच प्रतिभाकडं बघितलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, तिनं सगळं ठरवूनच आणलं होतं.

प्रतिभानं शाळेत रजा टाकली. दोघी पिशव्या घेऊन दवाखान्यात गेल्या. तपासणाऱ्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "इतकी वर्षं काय करत होतात?" नवसाबाई म्हणाली, "कांदे." नवसाबाईची गर्भपिशवी काढून टाकावी लागली, पण सगळं नीट झालं.

तिसऱ्या दिवशी, प्रतिभाचं ऑपरेशन झालं असं ऐकून, शैलाताई वॉर्डात आल्या. हातात गुच्छ, खांद्याच्या पिशवीत छोटा टेपरेकॉर्डर. पाहतात तर प्रतिभा स्टुलावर पेज निववत बसलेली आणि खाटेवर सायखेड्याची ती हिरव्या लुगड्याची बाई. त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांचे डोळे पुन्हा तसेच उघडले, टक्क.

"म्हणजे ह्या," त्या कुजबुजल्या. "अगं, हे तर पहिल्यापेक्षा मोठं नाटक आहे."

प्रतिभानं वाटी ठेवली, त्यांचं कोपर धरलं आणि जिन्यापर्यंत नेलं.

"नाव बदलू ना आपण," शैलाताई म्हणत होत्या. "गाव बदलू. कोणाला कळणार आहे?"

"तुम्हाला कळलंय तेवढं पुरे झालं. परत इथं येऊ नका. आणि मीही 'ओट्या'वर येणार नाही."

"तुला बायकांबद्दल काही वाटतच नाही का गं?"

प्रतिभानं त्यांचं कोपर सोडलं. शैलाताई तीन पायऱ्या उतरल्या, थांबल्या, आणि पिशवीत हात घालून टेपरेकॉर्डर बंद केला. तो वॉर्डात आल्यापासून चालूच होता. प्रतिभा खाली उतरली, त्यातली कॅसेट काढून घेतली आणि कोपऱ्यातल्या ड्रेसिंगच्या बोळ्यांच्या बादलीत टाकली. बादलीत हात घालायची शैलाताईंची तयारी नव्हती.

ती परत आली तेव्हा नवसाबाई जागीच होती.

"काय म्हनत व्हत्या त्या बाई?"

"तब्येत विचारत होत्या."

"माजी का तुजी?"

"माझी."

नवसाबाईनं डोळे मिटले. "मंग बरी हाय म्हनावं," ती म्हणाली. "आन् ती पेज दे इकडं, पार गार झाली."